चवळी-भाताची थंड कोशिंबीर

चवळीची उसळ आणि शेजारी भात ही जोडी आपल्यापैकी सर्वांच्या परिचयाची आहे. हीच जोडी समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात, ‘हॉपिन जॉन’ या गमतीदार नावाने नांदते. तेथे ती मुख्य जेवणाच्या बाजूला वाढण्याची प्रथा आहे; आणि १ जानेवारीस ती खाल्ली म्हणजे वर्ष भाग्याचे जाते, असा लोकांचा समज आहे. चवळीचे दाणे म्हणजे नाणी आणि सोबतची पालेभाजी म्हणजे नोटा, असे ते मानतात. उरलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी ताटात आला की त्याचे नावही बदलते. त्यास ‘स्किपिंग जेनी’ म्हणतात. शिळ्या अन्नास नवे नाव देऊन त्याचा मान राखण्याची ही युक्ती मला फार आवडते.

परंतु नावातील गमतीमागे फार मोठे दुःख आहे. चवळी मूळची आफ्रिकेची. प्राचीन काळी ती भारतात आली व येथलीच होऊन गेली. अमेरिकेत मात्र ती गुलामांच्या जहाजांच्या काळात पोहोचली. दक्षिण कॅरोलिनाच्या दलदलीत भातशेती उभी राहिली ती पश्चिम आफ्रिकेतून बळाने आणलेल्या लोकांच्या श्रमावर. त्यांपैकी अनेकांना भात पिकविण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. या पदार्थाची कृती १८४७ मध्ये चार्ल्सटन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅरोलिना हाउसवाइफ’ या पाकपुस्तकात आढळते. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘चार्ल्सटनची एक स्त्री’ एवढेच छापले होते. त्या होत्या सेरा रटलेज. त्यांचे वडील एडवर्ड रटलेज यांनी १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती, आणि त्यांच्या पदरी गुलामही होते. लेखिकेचे नाव पुढे सर्वांस कळले. ज्या हातांनी चुलीपुढे बसून तो पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या रांधला, त्यांची नावे मात्र कोठेच नाहीत. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये.

मूळ पदार्थात डुकराचे खारविलेले मांस असते व तो गरम वाढतात. उन्हाळ्यात तेथील गृहिणी त्याचीच थंड कोशिंबीर करतात. मांस वगळले तर ती आपल्या घरातही सहज होते.

एक वाटी चवळी रात्री भिजत घालावी. सकाळी पाणी बदलून ती शिजवावी. दाणा बोटाने चेपावा, पण फुटू नये. पाणी निथळून ठेवावे, त्या कळणाची आमटी उत्तम होते. चवळी गरम असतानाच तिच्यावर तीन चमचे तेल, दोन चमचे शिरका किंवा लिंबाचा रस, मीठ, मिरपूड व चिमूटभर मोहरीची पूड एकत्र फेटून ओतावी. गरम दाणा रस पितो; गार दाण्यावरून तो नुसता ओघळतो. आंबट-खारट चव किंचित चढी ठेवावी, कारण थंड पदार्थ जिभेला मंद लागतो.

भात एक वाटी जुन्या, लांब दाण्याच्या तांदळाचा, मोकळा शिजवावा. आंबेमोहोर येथे उपयोगी नाही. त्याचा गोळा होतो. याचे कारण तांदळातील पिष्टात आहे. पिष्टाचा अमायलोज नावाचा घटक लांब दाण्यात अधिक असतो. भात निवताना त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात व दाणा ताठ होतो. म्हणून असा भात थंडपणी सुटा राहतो. हाच ताठपणा फार वाढला की भात चरचरीत लागतो. त्यासाठी कोशिंबीर वाढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे शीतकपाटाबाहेर काढावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकदा मी घाईत गरम भात खोल पातेल्यात झाकून तसाच रात्रभर ओट्यावर ठेवला. सकाळी त्यास फारसा वास नव्हता, म्हणून परतून खाल्ला, आणि दुपारपर्यंत घरातील तिघे ओकाऱ्यांनी हैराण झाले. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे शिजवण्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात व विष तयार करतात; ओकाऱ्या आणणारे ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा धोक्याचा. म्हणून भात परातीत पातळ पसरावा, परात थंड पाण्यावर ठेवावी, आणि तासाभरात शीतकपाटात न्यावा. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही, त्यांनी कोशिंबीर निवताच खावी, उरवू नये.

गार भात व चवळी एकत्र करून बारीक चिरलेला कांदा, ढब्बू मिरची आणि भरपूर कोथिंबीर मिसळावी. मिश्रण हलक्या हाताने खालीवर करावे, ढवळू नये.

भाताच्या प्रथिनात लायसीन कमी, चवळीत ते भरपूर. चवळीत मेथिओनीन कमी, ते भात पुरवितो. रसायनशास्त्राने हे सांगण्याच्या कितीतरी आधी गरिबांच्या स्वयंपाकघरांनी ही जोडी जुळविली होती, आफ्रिकेत आणि आपल्याकडेही. दोन वाट्यांच्या या मापात चार-पाच माणसे पोटभर जेवतात. शीतकपाटात ती दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते. तिसऱ्या दिवशी तिला नवे नाव देण्याच्या फंदात पडू नये.