गाजरातील 'अ' जीवनसत्त्व : पृथक्करणासाठी द्रावकाची निवड

हिवाळ्यात पुण्याच्या महात्मा फुले मंडईत केशरी आणि लाल अशी दोन्ही गाजरे विक्रीस येतात. लाल गाजर अधिक रंगदार, म्हणून त्यात 'अ' जीवनसत्त्वही अधिक, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. केशरी गाजराचा रंग मुख्यतः बीटा कॅरोटीनचा असतो व शरीरात त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार होते. लाल गाजरात टोमॅटोप्रमाणे लायकोपीन जास्त असते. त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यामुळे नुसता एकूण रंग मोजून भागत नाही. ही द्रव्ये लिक्विड क्रोमॅटोग्राफीने वेगळी करून मोजावी लागतात. या कामात योग्य द्रावक निवडणे फार महत्त्वाचे आहे.

द्रावकाचे तत्त्व

रश्श्यावर लाल तर्री येते, कारण मिरचीचा रंग पाण्यात न उतरता तेलात उतरतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे आणि कॅरोटीन यांचा गुणधर्मही तसाच आहे.

द्रावक कसा निवडतात?

१) अर्क काढणे : ताज्या गाजरात पाणी भरपूर असते. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते एकटे पुरत नाही. प्रथम ॲसिटोनमध्ये गाजर वाटून रंग काढतात व नंतर तो हेक्झेनमध्ये घेतात.

२) द्रव्ये वेगळी करणे : तेलकट लेप असलेल्या बारीक दाण्यांनी भरलेल्या नळीतून (सी-१८) अर्क द्रावकाबरोबर दाबाने सोडतात. द्रावकात पाणी जास्त झाल्यास कॅरोटीन दाण्यांना धरून राहते. डायक्लोरोमिथेन जास्त झाल्यास सर्व द्रव्ये एकदम बाहेर पडतात. म्हणून मिथेनॉलमध्ये ते बेताने मिसळतात.

३) मोजणी : द्रावकाने स्वतः प्रकाश शोषता कामा नये. 'अ' जीवनसत्त्व सुमारे ३२५ व 'ई' सुमारे २९२ नॅनोमीटरवर मोजतात. ॲसिटोन ३३० च्या खालचा प्रकाश अडवते, म्हणून तेथे ते चालत नाही. मिथेनॉल साधारण २०५ पर्यंत चालते. कॅरोटीन ४५० च्या आसपास मोजतात.

४) दूध व तूप : यांतील 'अ' मोजण्यापूर्वी अल्कोहोलमधील पोटॅशने स्निग्धांश दूर करतात. 'के' साठी ही रीत वापरू नये. अल्काने ते नष्ट होते.

नमुना देताना

• गाजरे न चिरता, उन्हापासून दूर, थंड जागी ठेवून लवकर पोहोचवावीत. प्रकाश, उष्णता व हवा यांनी कॅरोटीन घटते.
• अहवालात 'एकूण कॅरोटीनॉइड' लिहिले आहे की 'बीटा कॅरोटीन', हे पाहावे. आकडा ताज्या वजनावर आहे की सुक्या, हेही विचारावे.
• आहारातील १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन हे १ मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्वाबरोबर धरतात. दोन्ही आकडे एकच समजू नयेत.

हेक्झेन व ॲसिटोन झटकन पेट घेतात आणि मिथेनॉल विषारी आहे. हे प्रयोग घरी करू नयेत.

गाजराची पावडर किंवा रस विकणाऱ्यांनी वेष्टनावर 'अ' जीवनसत्त्वाचा आकडा छापण्यापूर्वी असा अहवाल जरूर घ्यावा. केवळ रंगावरून केलेला दावा तपासणीत टिकत नाही आणि गिऱ्हाइकाचा एकदा गेलेला विश्वास परत मिळवणे अवघड असते.