घर घेताना विचारावं, विकताना सांगावं

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या ग्रुपांवर "टू बीएचके विकणे आहे" असे मेसेज सुरू होतात. पुष्कळदा विकणारे आपल्यातले, घेणारेही आपल्यातलेच. मग "गुरुबंधूंचं घर, त्यात काय तपासायचं?" असं म्हणत बानाखत होऊनही जातं. पुढे पावसाळ्यात भिंत ओली झाली की घराबरोबर संबंधही बिघडतात. म्हणून आजचा पाठ घराचा.

स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, हे आपण कंपास लावून बघतो. बघावं, त्याला ना नाही. पण खालच्या मजल्यावरच्यांची परवानगी घेऊन त्यांच्या बाथरूमचं छत कोण बघतं? आपल्या बाथरूमची गळती तिथेच दिसते.

वडोदऱ्यात पहिला प्रश्न पाण्याचाच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने ३७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कितीतरी घरांत पाणी शिरलं. त्याआधी ३१ जुलै २०१९ चा पाऊस सगळ्यांना आठवतोच. त्यानंतर बहुतेक घरांना नवा रंग लागला आहे, त्यामुळे नुसती भिंत बघून काही कळणार नाही. लाकडी दाराच्या चौकटीचा खालचा भाग बोटाने दाबून बघा. भिंतीत बसवलेल्या कपाटाची मागची फळी फुगली आहे का, खालच्या स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेत का, मीटर अलीकडे वर सरकवलेला दिसतो का, हे पाहा. आणि दलालाला नको, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. "इथे मगर आली होती का हो?" एवढं विचारलं तरी पाणी कुठवर होतं ते लोक आपणहून सांगतात!

दुसरं, आपल्याकडची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया नीट नसेल तर घर हलतं. प्लॅस्टरवरची केसासारखी चीर साधी असते. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, नाणं शिरेल एवढी रुंद चीर असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉलमला उभी चीर आणि गंजाचे डाग, किंवा स्लॅबमधून उघडी पडलेली सळी, ही त्याहून गंभीर. जिन्याखाली, पार्किंगमध्ये हे आधी दिसतं, कारण तिथे रंग मारायची तसदी कोणी घेत नाही. भिंतीला लोणा असेल तर ओल खालून चढते आहे. नुसत्या रंगाने ती थांबत नाही.

बाकी छोट्या गोष्टी: सगळे नळ एकदम सोडा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, फरशीवर नाणं ठोकून बद्द आवाज येतो का ऐका. शक्यतो घर पावसाळ्यातच बघा.

आता विकणाऱ्यांसाठी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. म्हणजे बघणं हे घेणाऱ्याचं काम, सांगणं हे विकणाऱ्याचं. नारेश्वरच्या पूज्य बापजींनी आपल्याला "परस्परदेवो भव" दिलं. समोरच्याला देव मानायचं आणि त्याच्यापासून ओल लपवायची, हे जमणार नाही. दोष सांगितल्यावर भाव थोडा उतरेल, उतरू द्यावा. तसंच घेणाऱ्याने बारकाईने विचारलं तर "आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हणून रुसू नये.

नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या, फोटो तारखेसकट ठेवा. जुन्या घराच्या व्यवहारात ठरलेली दुरुस्ती बानाखतातच लिहून घ्या: काय, कोणाच्या खर्चाने, कधीपर्यंत. बी.यू. परमिशन मागायला विसरू नका. आणि मुहूर्त गाठायचा म्हणून इंजिनिअरची भेट टाळू नका. मुहूर्त पुढच्या महिन्यातही असतात.