एका प्रयोगशाळेची उभारणी

प्रस्तावना

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. जागा, पैसा, सामान आणि माणसे यांचा मेळ घालताना घर बांधणारा मेटाकुटीस येतो. मग ज्या वास्तूत विज्ञानाचे सूक्ष्म प्रयोग व्हायचे आहेत, तिची उभारणी किती विचारपूर्वक करावी लागत असेल! इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकात भौतिकशास्त्रासाठी अशी एक वास्तू बांधली. तिची हकीकत या पाठात आपण वाचणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• प्रयोगशाळेची आखणी साध्या इमारतीहून वेगळी का असते, हे सांगू शकाल;
• इमारतीतील सोयी आणि त्यांमागील कारणे यांचा संबंध जोडू शकाल;
• ज्ञानाची दारे सर्वांना खुली असण्याचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

१. गरज आणि अडचण

त्या काळी केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्राचे अध्ययन मुख्यतः गणिताच्या आधारे होत असे. बाहेरच्या जगात मात्र वीज, उष्णता व चुंबकत्व यांविषयीचे ज्ञान झपाट्याने वाढत होते. समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकल्या जात होत्या आणि त्यासाठी विजेच्या अचूक मापनाची गरज भासू लागली होती. तरीही विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, अशी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा विद्यापीठाकडे नव्हती.

१८६९ साली एका समितीने प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नेमावा व प्रयोगशाळा बांधावी, अशी शिफारस केली. इमारत आणि उपकरणे मिळून ६,३०० पौंड खर्चाचा अंदाज होता. विद्यापीठातील महाविद्यालये हा भार उचलण्यास राजी होईनात. अखेर १८७० साली विद्यापीठाचे कुलपती विल्यम कॅव्हेंडिश, म्हणजे डेव्हनशायरचे ड्यूक, यांनी हा खर्च देऊ केला. पुढे त्यांच्या घराण्याचेच नाव प्रयोगशाळेला मिळाले.

२. आधी पाहणी, मग आखणी

१८७१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे नव्या पदावरील पहिले प्राध्यापक झाले. विद्युत्‌-चुंबकीय सिद्धांतामुळे ते आज जगभर ओळखले जातात. परंतु केंब्रिजमध्ये त्यांच्यापुढे पहिले काम होते ते इमारतीचे. त्यांनी प्रथम इतरांच्या प्रयोगशाळा पाहिल्या. ग्लासगो येथे विल्यम थॉमसन यांची आणि ऑक्सफर्ड येथील नवी प्रयोगशाळा पाहून तेथील सोयी व उणिवा त्यांनी ध्यानी घेतल्या. मगच स्थानिक वास्तुविशारद विल्यम फॉसेट यांच्यासह नकाशा पक्का झाला. बांधकामाचा ठेका ८,४५० पौंडांना गेला, म्हणजे मूळ अंदाज मागे पडला. पण कुलपतींनी हात आखडता घेतला नाही.

इमारत पूर्ण होईपर्यंत मॅक्सवेल यांना व्याख्यानांसाठी कधी रसायनशास्त्राच्या, तर कधी वनस्पतिशास्त्राच्या दालनात जावे लागे. परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कोकिळेशी त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात गमतीने स्वतःची तुलना केली होती.

३. प्रत्येक सोयीमागे कारण

सूक्ष्म मापनाचा मोठा शत्रू म्हणजे कंप. कोणी खोलीत नुसते चालले, तरी उपकरणाची सुई हलते आणि तासन्‌तासांची मेहनत वाया जाते. म्हणून तळमजल्यावरील चुंबकीय मापनाच्या दालनात दगडी खांब उभारले. त्यांचा पाया जमिनीत स्वतंत्र होता. सभोवतालच्या फरशीशी त्यांचा स्पर्श नव्हता. वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांची टेबलेही अशाच युक्तीने, पायाखालच्या तक्तपोशीपासून वेगळ्या तुळयांवर बसवली.

प्रकाशाच्या प्रयोगांसाठी सूर्यकिरण आत वळवावे लागत. म्हणून आरसे ठेवता यावेत, असे रुंद दगडी कट्टे खिडक्यांना आतून व बाहेरून ठेवले. मनोऱ्यात उंचावर पाण्याची टाकी होती. तेथून वेगाने खाली येणाऱ्या पाण्याच्या जोरावर निर्वात पंप चाले. सारांश, येथे काम आधी ठरले आणि भिंती मागाहून. १६ जून १८७४ रोजी ही वास्तू रीतसर विद्यापीठाच्या हाती आली.

४. उघडलेली दारे

वास्तू उभी राहिली, तरी तिचे दार सर्वांना खुले नव्हते. स्त्रियांना प्रवेश देण्यास स्वतः मॅक्सवेल अनुकूल नव्हते. एवढ्या दूरदृष्टीने खिडक्या आखणाऱ्या पुरुषालाही हे दार दिसले नाही! १८७९ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेल्या लॉर्ड रॅले यांच्या कारकिर्दीत, १८८२ साली, येथील वर्ग स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने खुले झाले. पूर्ण पदवीसाठी मात्र केंब्रिजच्या विद्यार्थिनींना १९४८ सालापर्यंत थांबावे लागले.

१८९५ पासून अन्य विद्यापीठांच्या पदवीधरांनाही केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थी म्हणून घेऊ लागले. न्यूझीलंडहून अर्नेस्ट रदरफर्ड आले, ते याच वाटेने. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी येथेच इलेक्ट्रॉनचा शोध लावला. पुढे आपल्या देशातील होमी भाभा यांनीही कॅव्हेंडिशमध्ये संशोधन केले. १९७० च्या दशकात प्रयोगशाळा शहराच्या पश्चिमेस नव्या जागी गेली.

चांगला पाया वास्तूला स्थैर्य देतो. परंतु उघडे दार तिला मोठेपण देते. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली आणि ज्यांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले, त्यांना हे अधिक सांगायला नको.

शब्दार्थ

मेटाकुटीस येणे – अतिशय थकून जाणे
तुळई – छत किंवा मजला तोलून धरणारे आडवे लाकूड
तक्तपोशी – मजल्याची लाकडी फळ्यांची जमीन
निर्वात – जिथे हवा नाही असे

स्वाध्याय

१. महाविद्यालये राजी नसताना प्रयोगशाळेच्या खर्चाचा प्रश्न कसा सुटला?
२. दगडी खांबांचा पाया फरशीपासून वेगळा का ठेवला?
३. ‘उघडे दार वास्तूला मोठेपण देते’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या परिसरातील शाळा, ग्रंथालय किंवा दवाखाना पाहून या. तेथील कोणत्या सोयी कामाचा विचार करून केलेल्या आहेत व कोणत्या राहून गेल्या आहेत, ते दहा ओळींत लिहा.