गृहज्योती: मोफत युनिट नेमके किती?

प्रश्न: कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत २०० युनिट वीज मोफत ना? मग १२० युनिट जळूनही बिल कसं आलं?
– एक गृहिणी, भालकी (जि. बीदर)

उत्तर: ताई, काळजी करू नका. २०० ही कमाल मर्यादा आहे, सरसकट सूट नव्हे. २०२२-२३ मधल्या तुमच्या मासिक सरासरीत साधारण १० टक्के वाढ धरून तुमचा कोटा ठरतो. सरासरी ८० असेल, तर ८८ युनिट मोफत आणि वरच्या ३२ युनिटांचेच पैसे. आपला कोटा जेस्कॉम या वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्या. मात्र उन्हाळ्यात कूलर जपून वापरा. वापर २०० वर गेला, की पूर्ण बिल भरावं लागतं. घर बदललंत, तर योजनेतली जुन्या मीटरची जोडणी काढून नव्या घरासाठी पुन्हा नोंदणी करा.