नक्तमूत्रता : युक्ती आणि श्रद्धा

हाटकेशसारख्या वस्तीतील वृद्ध रुग्ण रात्री चार वेळा उठावे लागते म्हणून दिवसभर पाणी तोडतो, मूत्रवेगही धरून ठेवतो. चरकोक्त १३ अधारणीय वेगांत हा वेग पहिलाच आहे. प्रथम रक्तशर्करा, पौरुषग्रंथी व पायांवरील शोथ तपासावा. पाणी, चहा केवळ सायंकाळनंतर कमी करवावे. मूत्रल गोळी रात्री घेतली जात नाही ना, हे औषधविक्रेत्यानेही विचारावे (नुसती चंद्रप्रभा वटी देऊन हा प्रश्न टळत नाही) व वेळ मूळ चिकित्सकाकडून बदलवून घ्यावी.

चरकांनी दैवव्यपाश्रय चिकित्सा युक्तिव्यपाश्रयाच्या जोडीनेच सांगितली आहे. जाग आल्यावर घड्याळ पाहत कुढण्यापेक्षा रुग्णाने नामस्मरण करावे, धीर टिकतो. मात्र नामावर विसंबून तपासणी टाळू देऊ नये. शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा. अंधारात पडून खुबा मोडण्याचे भय मोठे.