प्रश्न तहकूब ठेवावा

गिरगाव, मुंबई
11 सप्टेंबर 2025

चि. ताई,

मंगळवारच्या तुझ्या वर्गाची हकीकत तू मोबाईलवर सविस्तर कळविलीस, ती मी चष्मा पुसून दोनदा वाचली, आणि तिचा जबाब त्याच यंत्रावर अंगठ्याने देणे मला साधणारे नसल्यामुळे, शिवाय ती गोष्ट तशी चार ओळींत उरकण्याजोगीही नसल्यामुळे, कागद घेऊन बसलो आहे. हे पत्र हातोहात पाठवीत आहे. ते शनिवारच्या आत तुला मिळणे का अगत्याचे आहे, हे शेवटी कळेल.

लालबागच्या राजाची मूर्ती रविवारी सकाळी आमच्या चौपाटीवर येऊन पोहोचली असताही भरतीच्या पाण्यामुळे ती तराफ्यावर चढेना, सारा दिवस खोळंबा झाला, आणि विसर्जन होता होता रात्रीचे नऊ वाजले. ज्या मुलांनी गेल्या पंधरवड्यात गणपतीवाचून दुसऱ्या कशाचा विचारही केला नसेल, त्या मुलांच्या तुझ्या चौथीच्या वर्गात मंगळवारी एकाने उभे राहून विचारले, "बाई, पाणी रोज त्याच वेळेला येतं का? मग आधी बघून का नाही नेलं?" तू फळ्यावर चंद्र काढलास, गुरुत्वाकर्षण हा शब्द लिहिलास, मुलांनी तो वहीत उतरवला, आणि पाच मिनिटांत प्रश्न निकालात निघाला, असे तू समाधानाने लिहितेस. ताई, मला त्या पाच मिनिटांचेच वाईट वाटते. कारण त्याच मजकुरात पुढे तुझी तक्रार आहे की, विभाग निरीक्षक यायचे म्हणून बुधवारी तू टाचणातल्या 'विद्यार्थी प्रश्न विचारतील' ह्या रकान्याबरहुकूम प्रत्येकाला प्रश्न काढायला सांगितलेस, तर बत्तीस मुलांपैकी एकाच्याही तोंडून धड प्रश्न निघाला नाही. आदल्या दिवशी आलेल्या खऱ्या प्रश्नाची काय वाट लागली, हे त्या बत्तीसही जणांनी पाहिले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घे. मुलाने भरती का येते असे विचारलेच नव्हते. ती रोज त्याच वेळेला येते का, एवढेच विचारले होते. पहिल्याचे उत्तर न्यूटनापासून आणावे लागते आणि ते चौथीच्या मुलाला पडताळून पाहता येत नाही, म्हणून त्याने ते तुझ्या शब्दावर घेतले. दुसऱ्याचे उत्तर तो स्वतः चौपाटीवर उभा राहून, वृत्तपत्रात रोज छापून येणारी भरती-ओहोटीची कोष्टके पाहून, आठवड्याभरात मिळवू शकला असता. हाती येण्याजोगा प्रश्न सोडून तू न येण्याजोग्याचे उत्तर दिलेस. हा प्रमाद मी तुझ्याआधी केलेला आहे, म्हणून अधिकाराने बोलतो.

1968 सालच्या सुमारास, नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा माझ्या वर्गात कोळीवाड्यातला एक मुलगा होता. भरतीचा पाठ चालू असता तो मध्येच म्हणाला, "गुरुजी, तिथीची पाऊणपट केली की भरती समजते, माझी आजी सांगते." मी, पाठ्यपुस्तकाच्या अभिमानाने ताठलेला तरुण मास्तर, त्याला खाली बसवले आणि आजीच्या शास्त्रावर वर्गाला हसू दिले. तो पुढे वर्षभर माझ्या तासाला काही बोलला नाही. मला त्या वाक्याचा अर्थ कळला तो पुष्कळ वर्षांनी, एका सुटीत अलिबागेला, एका वृद्ध तांडेलाच्या तोंडून तोच हिशोब ऐकला तेव्हा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. एका तिथीमागे पाऊण तास भरती पुढे सरकते, कारण चंद्र रोज तितका उशिरा माथ्यावर येतो. शास्त्राच्या मापाने हा फरक सरासरी पन्नास मिनिटांचा आहे, आणि कोळ्यांनी तो घड्याळावाचून पंचेचाळीसवर आणून ठेवला होता. ज्या पाऊणकीसाठी, म्हणजे पाऊणपटीच्या पाढ्यासाठी, मी लहानपणी पंतोजींच्या छड्या खाल्ल्या आणि जिचा जन्मात काही उपयोग नाही असे मानून तिला विसरायच्या बेतात होतो, ती माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी रोजच्या पोटापाण्याच्या व्यवहारात होती. आता वयाची पाऊणशे ओलांडून गेल्यावरही त्या मुलाचा खाली बसतानाचा चेहरा मला आठवतो.

तेव्हा पाठांतराला नाके मुरडणाऱ्या नव्या मंडळींत तू सामील होऊ नकोस. पाढे पाठ नसतील तर हा शोध मुलांना लागणारच नाही. मूल आपले ज्ञान आपणच रचते असे सांगणारा ज्ञानरचनावाद हा शब्द गेली काही वर्षे परिपत्रकांतून इतका फिरला आहे की, काही शिक्षकांना आता मुलाला काही सांगणे हाच गुन्हा वाटतो. उधाण कशाला म्हणावे आणि भांग कशाला, हे मूल शोधून काढील अशी वाट पाहत बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग म्हणतात, असे सरळ सांगून टाकावे. नावे, खुणा, लिपी, रूढी ह्या सांगण्याच्या वस्तू आहेत. मात्र जे मोजून, पाहून, ताडून ठरते, ते सांगण्याची घाई करू नये. तो प्रश्न न्यायाधीश खटला तहकूब ठेवतो तसा तारीख देऊन तहकूब ठेवावा, आणि दरम्यान पुरावा गोळा करण्याचे काम मुलांकडे सोपवावे. असा एक प्रश्न महिन्याला पुरे. रोज एक काढशील तर तोही शिरस्ता होईल.

प्रश्न असा तहकूब ठेवणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे तुझ्या शिक्षकदालनात कोणी म्हणाले तर त्यांना जवळच्या परळच्या बी. आय. टी. चाळीची आठवण दे. तेथल्या लहानशा खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर कितीएक वर्षे राहिले, आणि 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर ज्या गुरूंचा त्यांच्यावर ठसा उमटला त्यांत जॉन ड्यूई हे एक होते. मनुष्य अडतो तेव्हा विचार करू लागतो, ही ड्यूईंची मूळ धारणा, आणि तिची परीक्षा त्यांनी 1896 पासून शिकागोच्या आपल्या प्रायोगिक शाळेत लहान मुलांबरोबर घेतली होती. आणि दादरला तर ताराबाई मोडकांनी 1936 साली शिशुविहार उघडले, तेव्हा त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने काम करून आलेल्या होत्या. साधने नाहीत ही तुझी दुसरी तक्रार वाचताना मला ताराबाईच आठवल्या. पुढे बोर्डी-कोसबाडकडे गेल्यावर, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून, अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. तुझे कुरण चर्नी रोड स्थानकासमोर पसरलेले आहे, आणि त्याला भाडे पडत नाही.

भाषेविषयी एक सावधगिरीची सूचना. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली निघाले, तेव्हा ते आमच्या जवळच नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत होते. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतील मुलांबरोबर काम करताना असे दाखवून दिले की, ह्या मुलांना शास्त्र झेपत नाही असे जे समजले जाई, त्यातला मोठा भाग पुस्तकातल्या जड मराठीचा होता. तोच मजकूर सोप्या भाषेत दिला की मुले पुढे सरकत. म्हणून गुरुत्वाकर्षण हा शब्द तूर्त फळ्यावरून पूस. (हा उपदेश मी स्वतः कोणत्या मराठीत करतो आहे, तिकडे पाहू नकोस, मी जुना माणूस आहे आणि तू चौथीत नाहीस.) पाणी चढते, पाणी उतरते, वेळ पुढे सरकते, एवढ्यावर महिनाभर काम भागते.

आता तजवीज. येत्या रविवारी, 14 तारखेला, अष्टमी आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती शनिवारीच घे, जितके पालक बरोबर येतील तितके आण, आणि चार वाजता मुलांना घेऊन चौपाटीवर ये. मी चर्नी रोडच्या पुलाखाली उभा राहीन. वाळूत दर पंधरा मिनिटांनी पाण्याच्या काठाशी एकेक काठी रोवायची. कोणतेही मूल काठ्यांच्या पलीकडे जाणार नाही, ही जबाबदारी माझी. पाऊणकीच्या हिशोबाने भरती सहाला पुरी व्हावी, परंतु भांगाच्या दिवसांत तो हिशोब घसरतो, कधी तासाच्या वर घसरतो. तो घसरला तर मला आनंदच आहे. आजीचे खरे की छापलेले खरे, हा वाद मग मुलांनी पुढचे पंधरा दिवस भिंतीवर कागद लावून, रोजची तिथी आणि रोजची वेळ शेजारी शेजारी लिहून, आपसांत मिटवावा. निरीक्षक आले की त्यांना तो कागद दाखव, टाचण मागाहून.

ज्याने प्रश्न विचारला, त्या मुलाच्या हाती पहिली काठी द्यायची आहे. आणि रविवारच्या वृत्तपत्रातले भरतीचे कोष्टक मुलांना आधी दाखवू नकोस. तूही पाहू नकोस.

तुझा
मामा