श्रेय कुणाचे? सांघिक यशाचा एक अभ्यास



काम पडते तेव्हा माणसे शोधावी लागतात आणि काम तडीस गेले की मानकरी आपोआप जमतात, हा अनुभव सार्वजनिक कार्यात वावरणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला आहे. जयंतीची मिरवणूक असो, विहाराचे बांधकाम असो की गरजू मुलांसाठी सुरू केलेली पुस्तकपेढी असो, यश मिळाल्यावर 'हे केले कुणी?' हा प्रश्न निघतोच. त्यावरून मने दुखावतात, चांगले कार्यकर्ते घरी बसतात, कधी कधी संस्थेची दोन शकलेही होतात. म्हणून या प्रश्नाचा भावनेच्या आहारी न जाता अभ्यास व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाला निमित्त मिळाले ते फुटबॉलचे. ४ मे २०२४ रोजी, शनिवारी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. मुंबई सिटी संघाने मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे हरवून करंडक जिंकला. आमच्या वाशीमकडे मैदानावर फुटबॉल फारसा दिसत नाही, पण मुले मोबाइलवर सामने पाहतात. दुसऱ्या दिवशी रविवारच्या अभ्यासवर्गात विषय वेगळाच ठरलेला होता, परंतु मुले या सामन्यावरच वाद घालू लागली. एक म्हणाला, श्रेय प्रशिक्षकाचे. दुसरा म्हणाला, गोल मारणाऱ्यांचे. तिसऱ्याच्या मते सारा पैशाचा खेळ. शेवटी एक शहाणा विद्यार्थी म्हणाला, "सगळ्यांचेच श्रेय आहे, भांडता कशाला?" आणि वाद मिटला. आम्हाला मात्र वाटते की खरा वाद तिथूनच सुरू होतो. ही चारही मते आपण क्रमाने तपासू.

१) प्रशिक्षकाचे श्रेय

त्या हंगामाच्या आरंभी मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम होते. त्यांच्याच हाताखाली संघाने आदल्या, म्हणजे २०२२-२३ च्या हंगामात साखळीचे अजिंक्यपद मिळविले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते हंगाम अर्धवट सोडून इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड संघाकडे गेले. डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले. १५ एप्रिल २०२४ रोजी साखळीचा शेवटचा सामना याच सॉल्ट लेकवर, याच मोहन बागानशी झाला. मुंबईला नुसती बरोबरी पुरेशी होती, पण संघ २-१ ने हरला आणि साखळीचे अजिंक्यपद एका गुणाने हुकले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याच मैदानावर तोच संघ आधी एक गोल खाऊन तीन गोल करून जिंकला.

आता सांगा, करंडक कुणाचा? पाया घालणाऱ्या बकिंगहॅमचा की खचलेला संघ उभा करणाऱ्या क्रात्कींचा? गंमत अशी की १८ मे २०२४ रोजी, म्हणजे दोनच आठवड्यांनी, बकिंगहॅम यांच्या ऑक्सफर्ड संघाने लंडनच्या वेम्बली मैदानावर जिंकून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळविला. तिथे हंगामाची सुरुवात दुसऱ्याच प्रशिक्षकाने करून दिलेली होती. म्हणजे एकाच वर्षात एकच माणूस मुंबईत 'पाया घालून गेलेला' ठरला आणि ऑक्सफर्डमध्ये 'आयत्या वेळी आलेला' ठरला. माणूस तोच, फक्त आपली बघण्याची जागा बदलली. त्यावरून हे कळते की शेवटच्या दिवशी जो खुर्चीवर असतो त्याच्याकडे सगळे श्रेय जाणे हा न्याय नव्हे, तो केवळ योगायोग असतो.

२) गोल करणाऱ्याचे श्रेय

त्या सामन्यात मुंबईचे गोल परेरा दियाझ, बिपिन सिंग आणि याकुब व्होयटस यांनी केले. ही नोंद खरीच आहे, पण नोंद म्हणजे संपूर्ण हकिकत नव्हे. याची दोन उदाहरणे घेऊ.

२०२४ च्या विजेत्या संघाचा कर्णधार राहुल भेके हा आपला मुंबईचाच बचावपटू. त्याने १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात बेंगळुरू संघाकडून खेळताना जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, डोक्याने गोल केला आणि गोव्याचा संघ १-० ने हरला. नाव भेकेचे झाले आणि ते योग्यच आहे. पण ज्या कॉर्नरवरून चेंडू आला तो डिमास डेलगाडोने मारला होता, आणि ११६ मिनिटे बेंगळुरूवर एकही गोल होऊ न देणारी दहा-बारा माणसे त्यामागे होती.

दुसरे उदाहरण १३ मार्च २०२१ चे. गोव्यात फातोर्डा येथे, कोरोनामुळे प्रेक्षकांविना, मुंबई आणि एटीके मोहन बागान यांच्यात अंतिम सामना झाला. मुंबई एक गोलने मागे होती. २९ व्या मिनिटाला मागून आलेला लांब चेंडू अडवताना मोहन बागानच्या तिरी या बचावपटूच्या डोक्याला लागून तो त्याच्याच जाळ्यात गेला. नोंदवहीत मुंबईच्या त्या गोलपुढे मुंबईच्या कोणाचेच नाव नाही, प्रतिपक्षाच्या तिरीचे नाव आहे, तेही दोष म्हणून. वस्तुतः चेंडू इतक्या अवघड जागी टाकणाऱ्याचे त्यात काहीच नव्हते काय? ९० व्या मिनिटाला ओगबेचेने दिलेल्या चेंडूवर बिपिन सिंगने गोल करून सामना २-१ असा जिंकून दिला. आणि हाच तिरी २०२३-२४ च्या हंगामात मुंबईच्या संघात होता! ज्याच्या नावावर पराभवाचा डाग होता, तोच पुढे विजेत्यांचा सोबती झाला. श्रेय आणि दोष दोन्ही घाईने वाटू नयेत, हा यातला बोध.

पैशाच्या मताबद्दल थोडक्यात सांगू. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहाने मुंबई संघातील मोठा हिस्सा घेतला, त्यानंतर संघाचे दिवस पालटले, हे नाकारता येत नाही. पण मोहन बागानही काही गरीब संघ नव्हता. पैसा मैदानापर्यंत नेतो, मैदानात धावत नाही.

३) 'सगळ्यांचेच श्रेय' म्हणण्यातला धोका

आता चौथे मत. ते ऐकायला सर्वांत गोड आहे, म्हणूनच सर्वांत जास्त तपासले पाहिजे. यासाठी फुटबॉल सोडून क्रिकेटकडे, आणि शंभर वर्षे मागे जावे लागेल.

पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखायला आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायला ते पगारावर होते. गोलंदाजी तासन्‌तास, पण बॅट हाती मिळत नसे. पुढे त्यांच्या डावखुऱ्या फिरकीशिवाय जिंकता येत नाही हे कळल्यावर हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हातात घेतला, परंतु चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला तेव्हा देशभर आनंद झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. विजय 'सगळ्यांचा' झाला, पण कर्णधारपद मात्र सगळ्यांसाठी खुले नव्हते. ते बाळूंना कधीच देण्यात आले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्याच सत्काराच्या सभेत सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. पै यांचा हा मोठेपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अखेर १९२३ मध्ये बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला.

इथे आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने हात वर केला. "पण सर, हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते ना?" होय, उभे होते आणि पराभूतही झाले. पण त्यामुळे ११४ बळींतील एकही बळी कमी होत नाही. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्या कामाचीही नोंद पुरती करणे, ही श्रेयाच्या न्यायाची खरी परीक्षा आहे.

सारांश, श्रेय एकालाच देणे हा एक अन्याय, आणि 'सगळ्यांचे' म्हणून कुणाचेच नाव न घेणे हा दुसरा. पहिल्यात बाकीचे झाकले जातात. दुसऱ्यात, ज्याला आधीच कुणी विचारत नाही तोच नेमका झाकला जातो.

४) बाबासाहेबांनी घालून दिलेली रीत

मग करावे काय? उत्तर २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात सापडते. घटनेचे श्रेय सभासद आपल्याला देत आहेत, परंतु ते सर्वस्वी आपले नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सांगितले. पण ते 'सर्वांचे आभार' म्हणून थांबले नाहीत. कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या आणि स्पष्ट कायदेशीर भाषेत मांडणारे मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी, मध्यरात्रीपर्यंत राबणारा कर्मचारीवर्ग, अशी प्रत्येकाची कामासह नोंद त्यांनी केली. एवढेच नव्हे, ज्यांनी सतत हरकती घेतल्या त्या सभासदांचीही त्यांनी नावानिशी दखल घेतली, आणि त्यांत आपल्या वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख होते.

दुसरी बाजूही पाहा. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच सभागृहात सांगितले होते की सातांच्या मसुदा समितीतले कोणी राजीनामा देऊन गेले, कोणी वारले, कोणी दूर होते, आणि अखेर सारा भार आंबेडकरांवर पडला. म्हणजे बाबासाहेबांच्या श्रमाची साक्ष दुसऱ्याने दिली आणि दुसऱ्यांच्या श्रमाची साक्ष बाबासाहेबांनी दिली. श्रेय मागायचे नसते, पण द्यायचे मात्र नावानिशी, ही ती रीत.

५) आपल्यापुरते

या बाबतीत आम्ही स्वतःही निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही काम करीत असलेल्या शाखेने ठेवींचे उद्दिष्ट पूर्ण केले आणि ढाल मिळाली. अहवाल आम्हीच लिहिला, आणि त्यात 'सर्व सहकाऱ्यांच्या सहकार्याने' असे झोकदार वाक्य घातले. रोज संध्याकाळी सायकलवरून दुकानोदुकानी फिरून दहा-वीसच्या नोटा गोळा करून आणणाऱ्या पिग्मी एजंटाने तो वाचला आणि हळूच विचारले, "साहेब, यात माहं नाव कुठं हाये?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या वर्षीच्या अहवालात ते नाव आले, पण तोवर त्यांनी काम सोडले होते.

म्हणून आपल्या संस्थेला आमची सूचना आहे की प्रत्येक कार्यक्रमानंतर एक पान लिहावे. वर्गणी कुणी फिरून जमवली, सतरंज्या कुणी अंथरल्या, स्वयंपाक कोणत्या भगिनींनी केला, हिशेब कुणी लिहिला आणि चूक कुणी दाखवून दिली, हे नावानिशी त्यात यावे. देणगीदाराची पाटी अवश्य लागावी, पण तिच्याशेजारी हे पानही लागावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बकिंगहॅम आणि क्रात्की यांच्यात श्रेयाची वाटणी तुम्ही कशी कराल? कारणे द्या.
२. तिरीच्या उदाहरणावरून नोंद आणि न्याय यांतील फरक स्पष्ट करा.
३. 'श्रेय सगळ्यांचे' हे वाक्य केव्हा खरे असते आणि केव्हा अन्यायाचे?
४. तुमच्या शाळेच्या वा वस्तीच्या गेल्या कार्यक्रमात ज्याचे नाव राहून गेले अशी एक व्यक्ती शोधा, तिला भेटा आणि तिने केलेले काम दहा ओळींत लिहून आणा.